गेर्डा वाइसमन-क्लाइन: जूनमधले स्कीचे बूट आणि घरातली एक कंटाळवाणी संध्याकाळ

सांजवेळ

लॉकडाऊनमध्ये आमच्याकडे रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला एक वाक्य हमखास ऐकू यायचं, "कंटाळा आला." कधी मुलगा म्हणायचा, कधी मी. त्याच दिवसांत १९९६ सालच्या ऑस्कर समारंभातली एक चित्रफीत पाहण्यात आली. एका लघुमाहितीपटाला पुरस्कार मिळाला होता. दिग्दर्शकाचं बोलून झालं, संगीत सुरू झालं, तेवढ्यात त्याच्याबरोबर आलेली सत्तरी ओलांडलेली बाई माइकपाशी गेली आणि बोलायला लागली. माहितीपट तिच्याच आयुष्यावर होता. ती म्हणाली त्याचा सारांश असा: मी सहा वर्षं अशा ठिकाणी होते, जिथे जिंकणं म्हणजे पावाचा एक तुकडा आणि जगायला आणखी एक दिवस. सुटका झाल्यापासून मी स्वतःला विचारत आले, की मीच का वाचले? घरातल्या एका कंटाळवाण्या संध्याकाळची जादू ज्यांना कधीच अनुभवता आली नाही, ते सगळे मला आत्ता दिसताहेत.

ही गेर्डा वाइसमन-क्लाइन. त्या दिवसापासून मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचते आहे. मराठीत फारसं काही सापडलं नाही, म्हणून हा धागा. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गेर्डाचा जन्म ८ मे १९२४ला पोलंडमधल्या बिएल्स्को गावातला. पहिल्या महायुद्धाआधी हे गाव ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, त्यामुळे तिथे जर्मन बोलणारी माणसं पुष्कळ. गेर्डाच्या घरातही जर्मन बोलत. वडील ज्युलियस फरच्या धंद्यात होते, आई हेलेन, आणि पाच वर्षांनी मोठा भाऊ आर्थर. बाग असलेलं घर, मांजरं, कॉन्व्हेंटची शाळा. सप्टेंबर १९३९च्या पहिल्या आठवड्यात जर्मन फौजा गावात शिरल्या तेव्हा शेजारपाजारच्या काही घरांवर स्वस्तिकाचे झेंडे लागले आणि लोक फुलं घेऊन स्वागताला रस्त्यावर आले. गेर्डा तेव्हा पंधरा वर्षांची होती.

ऑक्टोबरमध्ये आर्थरला इतर ज्यू तरुणांबरोबर हजर व्हायचा हुकूम आला. तो गेला तो गेलाच. काही काळ रशियाच्या ताब्यातल्या भागातून पत्रं आली, मग तीही थांबली. घरातल्यांना स्वतःच्याच घराच्या तळघरात राहायला पाठवलं. एप्रिल १९४२ मध्ये घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायच्या वस्तीत. जूनच्या शेवटी वडिलांना एका छावणीत नेलं आणि पुढच्याच दिवशी आई आणि मुलगी यांची ताटातूट केली. जाण्याआधी वडिलांनी एक हट्ट धरला होता, गेर्डानं स्कीचे बूट घालावेत. जून महिना, ऊन रणरणतंय, आणि हा माणूस मुलीला बर्फात घालायचे जाडजूड बूट घालायला लावतोय. तिनं कुरकुर केली, पण घातले.

आईला एका गटात टाकलं, हिला दुसऱ्या. गेर्डानं ट्रकमधून उडी मारून आईकडे धाव घेतली. जर्मनांनी नेमलेल्या, त्या भागातल्या ज्यू मंडळांचा प्रमुख मोझेस मेरिन तिथे होता. त्यानं तिला उचलून पुन्हा ट्रकमध्ये टाकलं. "मरायला तू फार लहान आहेस," एवढंच म्हणाला. आई ऑशविट्झला गेली. आईवडील दोघंही तिला पुन्हा कधी दिसले नाहीत.

पुढची तीन वर्षं गेर्डा एका छावणीतून दुसऱ्या छावणीत फिरत राहिली. बोल्केनहाइन, मेर्झडॉर्फ, लँड्सहूट, ग्रूनबर्ग. बहुतेक ठिकाणी सूत आणि कापडाचे कारखाने. बोल्केनहाइनमध्ये ती माग चालवायला शिकली. मेर्झडॉर्फ सगळ्यात वाईट. दिवसा जवसाच्या काड्यांचे भारे उतरवायचे, रात्री कोळशाच्या वाघिणी. तिथे एकदा रुळांपाशी उभी असताना गाडीखाली उडी मारायचा विचार तिच्या मनात आला. फार पूर्वी वडिलांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं की कधी असं काही करणार नाहीस. ते आठवलं आणि ती मागे सरली.

जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौजा जवळ आल्या तशा ग्रूनबर्गच्या मुलींना पायी हाकलायला सुरुवात झाली. गेर्डाच्या तांड्यात सुमारे दोन हजार मुली. बर्फ, उपासमार, चालता न येणाऱ्यांना गोळी. साडेपाचशे किलोमीटरहून जास्त चाल आणि शेवटी वाचल्या त्या सव्वाशेसुद्धा नाहीत. कित्येक जणी फाटक्या चपलांत, खडावांत, चिंध्या गुंडाळून चालत होत्या. बर्फानं काळी पडलेली पायाची बोटं तुटून पडत. गेर्डाच्या पायात वडिलांनी घालायला लावलेले बूट होते.

इल्झा ही तिची बालपणची मैत्रीण. छावणीत असताना इल्झाला एकदा वाटेत एक रासबेरी सापडली. एकच. ती तिनं दिवसभर खिशात जपली आणि रात्री एका पानावर ठेवून गेर्डाला दिली. हीच इल्झा त्या वाटचालीत गेर्डाच्या कुशीत गेली, अठराव्या वर्षी. जाताना तिनं वचन घेतलं, आणखी एक आठवडा तरी चालत राहा. सुझी ही दुसरी मैत्रीण. युद्ध कधी संपणार यावर दोघींनी पैज लावली होती, हरणारीनं स्ट्रॉबेरी आणि मलई द्यायची. सुटकेच्या दिवशी सकाळी गेर्डा तिला सांगायला गेली, तर सुझी चिखलात मरून पडली होती.

ही सुटका झाली चेकोस्लोव्हाकियातल्या वोलरी गावात. पहारेकऱ्यांनी मुलींना एका रिकाम्या कारखान्यात कोंडलं, बाहेर टाइमबॉम्ब लावला आणि पळून गेले. बॉम्ब फुटला नाही. ७ मेला अमेरिकन जीप आली. गेर्डाचं वजन तेव्हा जेमतेम एकतीस किलो, केस पांढरे झालेले. दुसऱ्या दिवशी ती एकवीस वर्षांची होणार होती.

जीपमधून उतरलेल्या अधिकाऱ्यानं विचारलं, कुणाला जर्मन किंवा इंग्रजी येतं का? ती जर्मनमध्ये म्हणाली, "आम्ही ज्यू आहोत, माहीत आहे ना?" त्याच्या डोळ्यांवर काळा चश्मा होता. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "मीही." त्यानं विचारलं, आतल्या इतर स्त्रियांना भेटता येईल का? त्यानं वापरलेला शब्द होता 'डामेन'. कुणी आदरानं बाईमाणसाबद्दल बोलताना वापरतात तो. आपल्याकडे कुणी सहा वर्षं नुसतं "ए" म्हणून हाकारत यावं आणि अचानक "अहो" म्हणावं, तसं. मग त्यानं दार उघडून धरलं आणि तिला आधी जाऊ दिलं. ती पुढे आयुष्यभर सांगत राहिली, त्या क्षणी मी पुन्हा माणूस झाले.

त्याचं नाव लेफ्टनंट कुर्ट क्लाइन. सप्टेंबर १९४५ मध्ये त्यांचं लग्न ठरलं, तो अमेरिकेला परत गेला, आणि १९४६च्या जूनमध्ये युरोपात परत येऊन त्यानं पॅरिसमध्ये तिच्याशी लग्न केलं. मग दोघं न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरी राहायला गेले. तीन मुलं, पुढे नातवंडं. कुर्टनं छपाईचा व्यवसाय केला. १९५७ मध्ये तिचं आत्मकथन आलं. वर्तमानपत्रात लहान मुलांसाठी लिहिलं, शाळाशाळांतून बोलत फिरली. २०२२च्या एप्रिलमध्ये ॲरिझोनात गेली, सत्त्याण्णवाव्या वर्षी.

पाऊलवाट

सांजवेळताई, एका दमात वाचलं. बुटांपाशी थांबावं लागलं. त्या बापाला काय दिसलं असेल जूनमध्ये?

आर्थरचं पुढे काय झालं?

सांजवेळ

पाऊलवाट, तो परत आला नाही. घरातल्या चौघांपैकी ती एकटीच उरली.

वडिलांबद्दल मीही खूप विचार केला. त्यांना काही दिसलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या हातात एवढंच उरलं होतं, मुलीच्या पायात चांगलं काहीतरी असावं. माझे वडील मला हॉस्टेलला सोडायला आले तेव्हा बाकी काही बोलले नाहीत, फक्त बॅगेला नवं कुलूप लावून दिलं.

जुनी वही

उत्तम लेख. शब्दांच्या बाबतीत थोडी भर घालतो, कारण आपल्याकडे सगळ्यालाच सरसकट 'छळछावणी' म्हणतात.

गेर्डा जिथे होती त्या मुळात सक्तमजुरीच्या छावण्या होत्या. सिलेशियातल्या ज्यूंकडून काम करून घेण्यासाठी 'श्मेल्ट संघटना' नावाची यंत्रणा होती, एसएसचा (नाझींच्या निमलष्करी संघटनेचा) अधिकारी आल्ब्रेख्ट श्मेल्ट याच्या नावावरून ओळखली जाणारी. ती माणसं कारखान्यांना भाड्यानं द्यायची. कारखानदार पैसे भरायचे ते एसएसला. म्हणजे गेर्डाच्या हातांनी विणलेल्या कापडाचा एकेक वार कुणाच्या तरी हिशेबवहीत लिहिला जात होता. १९४४ मध्ये ग्रूनबर्ग ही ग्रोस-रोझेन छळछावणीची उपछावणी झाली. ऑशविट्झ-बिर्केनाऊसारखी ठिकाणं आणखी वेगळी, तिथे बहुसंख्य माणसांना गाडीतून उतरल्या उतरल्या वायुकोठडीत पाठवत. गेर्डाच्या आणि तिच्या आईच्या वाटा वेगळ्या झाल्या त्याचा अर्थ हा.

त्या पायी हाकलण्याला 'मृत्युयात्रा' म्हणतात, पण यात्रा हा शब्द मला तिथे लिहवत नाही. युद्ध हरलेलं होतं, रशियन फौजा दारात होत्या, तरी कैदी जिवंत सापडू नयेत आणि कामाला हाताशी असावेत म्हणून लाखो माणसांना भर थंडीत रस्त्यावर काढलं. वोलरीच्या स्मशानभूमीत त्यातल्या ९५ स्त्रियांच्या कबरी आहेत.

हडसनकाठ

तुम्ही कुर्टबद्दल भरभर लिहून पुढे गेलात, आणि माझ्या मते तिथेच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आहे. मी न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे व्हिसा, कोटा हे शब्द आले की माझे कान टवकारतात.

कुर्ट जर्मनीतल्या हायडेलबर्गजवळच्या वाल्डोर्फ गावचा. १९३७ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, तो अमेरिकेत आला. भावंडंही तिथे पोचली. राहिले आईवडील, लुडविग आणि अ‍ॅलिस. मुलं पडेल ती कामं करून पैसे साठवत होती, जामीनदार शोधत होती, अर्ज भरत होती. १९२४च्या कायद्यानं अमेरिकेत दर देशाचा वार्षिक कोटा ठरवला होता. जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा मिळून सत्तावीस हजारांच्या आसपास. आणि रांगेत लाखो माणसं. त्यात हजार अटी: उत्पन्नाचा पुरावा, चारित्र्याचा दाखला, जहाजाचं तिकीट. एक कागद हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली.

ऑक्टोबर १९४० मध्ये बाडेन प्रांतातल्या ज्यूंना एका दिवसात उचललं. बाडेन आणि शेजारचा भाग मिळून साडेसहा हजार माणसं, फ्रान्समधल्या गुर्स छावणीत. त्यांत कुर्टचे आईवडील. तिथूनही पत्रं येत होती, इकडून अर्ज जात होते. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना ऑशविट्झला पाठवलं. कुर्टनं पाठवलेलं पत्र परत आलं, त्यावर शेरा होता: पत्ता न ठेवता निघून गेले.

वोलरीत गेर्डासमोर उभं असताना काळ्या चश्म्याआड तो गप्प का झाला, हे मला इथे कळतं. आईवडिलांचं काय झालं असेल याचा अंदाज तो मनात घेऊनच त्या दारापाशी आला होता.

मी नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी हॉलमध्ये पंचेचाळीस-एक देशांची माणसं होती. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, हातातला छोटा झेंडा तिनं शेवटपर्यंत सोडला नाही. २००८ मध्ये गेर्डानं नातीबरोबर एक संस्था काढली, शाळांमध्ये नागरिकत्व शिकवायला आणि मुलांना असे शपथविधी दाखवायला. हे मला फार नंतर कळलं. कळलं तेव्हा ती म्हातारी आठवली.

मोगरा

हडसनकाठ, "पत्ता न ठेवता निघून गेले". पत्ता कुठला ठेवणार होते ते?

जुनी वही

हडसनकाठ यांच्या प्रतिसादाला जोडून. युद्ध संपल्यावर तरी दारं उघडली असतील असं वाटतं, पण तसं नव्हतं. वाचलेल्या ज्यूंपैकी हजारो जण जर्मनीतच विस्थापितांच्या छावण्यांत अडकून पडले. मारणाऱ्यांच्याच देशात, काही वेळा जुन्याच छावण्यांच्या आवारात. पोलंडला परत जावं तर घरात दुसरं कुणीतरी राहतंय. जुलै १९४६ मध्ये कील्त्से शहरात परतलेल्या ज्यूंपैकी चाळीसहून अधिक जणांना जमावानं ठार मारलं. त्यानंतर तर उरलेलेही निघाले.

२२ डिसेंबर १९४५ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी आहे त्याच कोट्यात विस्थापितांना प्राधान्य द्यायचा आदेश काढला. त्या आदेशाखालचं पहिलं जहाज 'मरीन फ्लॅशर' मे १९४६ मध्ये न्यूयॉर्कला लागलं. पुढे कायदा व्हायला १९४८ उजाडलं. गेर्डा त्या मानानं लवकर पोचली ती एका अमेरिकन माणसाची बायको म्हणून. तिच्यासारखी किती माणसं तेव्हा नुसती कुठल्या तरी बाकावर बसून वाट पाहत होती.

रोखठोक

लेख आवडला, पण मला एक गोष्ट खटकते, ती मोकळेपणानं सांगतो. या गोष्टी सांगताना शेवटी लग्न, मुलं, पुरस्कार असं येतं आणि वाचणारा सुटकेचा श्वास टाकतो. दोन हजारांतल्या एकोणीसशे जणींचं काय? शिवाय बोल्केनहाइनमधल्या जर्मन मुकादमीण फ्राऊ क्यूग्लरचीही कथा सांगतात, तिनं गेर्डाचा जीव वाचवला म्हणून. अशा एका चांगल्या बाईमुळे बाकीच्यांचं पाप हलकं होतं का?

सांजवेळ

रोखठोक, प्रश्न रास्त आहे. क्यूग्लरबद्दल मी मुद्दामच लिहिलं नव्हतं, आता लिहिते.

गेर्डा आजारी होती, ताप चढलेला, आणि एसएसचा अधिकारी तपासणीला आला. आजारी सापडेल ती ऑशविट्झला. क्यूग्लर दिसायला उग्र, आवाज खरखरीत. मुलींना वाटायचं ही सगळ्यांत वाईट असणार. तिनं गेर्डाला अंथरुणातून ओढून काढलं, अक्षरशः फरफटत मागांपर्यंत नेलं, स्वतः माग चालू करून दिले आणि कानाशी म्हणाली, सगळी ताकद एकवट, यावर सगळं अवलंबून आहे. अधिकारी आला, पाहून गेला.

हे गेर्डानं स्वतः नोंदवून ठेवलं आहे. पण त्यामुळे बाकीच्यांना सूट मिळते असं ती कुठे म्हणत नाही. उलट मला तर ते जास्त जड वाटतं. एका मुकादमिणीला एवढं करता येत होतं, म्हणजे इतरांनाही येत होतं.

आणि एकोणीसशे जणींचं म्हणाल, तर आपण गेलो की आपल्या आठवणीतल्या इल्झा आणि सुझीही जातील ही गेर्डाची भीती होती. म्हणून तर ती सत्तर वर्षं तीच रासबेरी, तीच पैज सांगत राहिली. ऑस्करच्या मंचावर संगीत सुरू झालं होतं तरी ती हलली नाही, ती यासाठीच.

कुर्ट आत आला तेव्हा चिपाडासारख्या पडलेल्या मुलींकडे हात करून तिनं जर्मन कवी गटेची एक ओळ म्हटली होती: माणूस उदात्त असावा, मदतीला धावणारा आणि भला. जर्मन शाळांत पोरं पाठ करतात ती कविता. ती ओळ कुणाला उद्देशून होती हे कुर्टला त्या क्षणी कळलं. तो ते कधी विसरला नाही.

रोखठोक

हे माहीत नव्हतं. ती गटेची ओळ वाचून गप्प झालो. पहिला प्रतिसाद घाईत लिहिला असं नाही म्हणणार, पण एकोणीसशे जणींच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

पंचगंगा

मी कोल्हापूरची. आमच्या शहराजवळ वळिवडे गावात १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, सुमारे पाच हजार माणसांची. बहुतेक बायका आणि मुलं, आणि जवळजवळ सगळे कॅथलिक. पोलंडचा पूर्वेकडचा भाग रशियानं घेतल्यावर तिथल्यांना सायबेरियात, कझाकस्तानात पाठवलं होतं, ते इराणमार्गे इथवर आले. आजी सांगायची, ती मुलं शहरात बाजाराला यायची आणि दुकानदारांशी मोडकंतोडकं मराठी बोलायची.

आर्थरची पत्रं त्याच रशियन बाजूनं येत होती असं वाचलं आणि चमकले. एकाच देशातली माणसं, अर्धी एका बाजूनं चिरडली गेली, अर्धी दुसऱ्या. त्यातले थोडे आमच्या पंचगंगेकाठी पाच वर्षं राहून गेले. लहानपणापासून वळिवड्याचं नाव ऐकते, पण त्याच वेळी बिएल्स्कोत काय चाललं होतं हे आज पहिल्यांदा जोडून पाहिलं.

मोगरा

मी आठवीला शिकवते. परवा तास संपायला दहा मिनिटं होती, म्हणून तुमच्या धाग्यातली रासबेरीची गोष्ट सांगितली. रासबेरी म्हणजे काय हे विचारलं तेव्हा करवंदाएवढं लाल फळ असं सांगून टाकलं. छावणी म्हणजे काय, मुली तिथे का होत्या, हेही शक्य तेवढं सांगितलं. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण तिनं दिवसभर खाल्ली कशी नाही?" मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी येऊन म्हणाली, "मी काल डब्यातला लाडू संध्याकाळपर्यंत ठेवून बघितला. चारलाच खाल्ला."

शाळेत भाषणं द्यायची म्हणता, तर गेर्डा मुलांशी काय बोलायची? आणखी काही असेल तर द्या. पुढच्या तासाला लागेल.

सांजवेळ

मोगराताई, त्या मुलीला माझ्याकडून एक लाडू द्या.

कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत १९९९ मध्ये गोळीबार झाला, त्यानंतर गेर्डा आणि कुर्ट दोघंही त्या मुलांना भेटायला गेले होते. वाचलेल्यांना "मीच का वाचलो" हा प्रश्न छळतो, आणि त्या प्रश्नाबरोबर तिनं तोवर चोपन्न वर्षं काढली होती. कुर्ट पुढे २००२ मध्ये ग्वाटेमालात गेला. तिथेही दोघं व्याख्यानांसाठीच गेले होते.

मुलांना सांगण्यासारखं आणखी एक आहे. छावणीत भूक आणि थंडी सहन होईना तेव्हा गेर्डा मनातल्या मनात घरच्या मेजवानीची तयारी करत बसायची. कुणाकुणाला बोलवायचं, काय रांधायचं. एकदा तर लाल मखमलीचा झगा घालावा की निळ्या मखमलीचा, हे ठरवण्यात तिचा किती तरी वेळ गेला. बोल्केनहाइनमध्ये ती छोटी नाटुकली लिहून मुलींसमोर करायची. दिवसभर मागांवर राबून आलेल्या मुली घटकाभर हसायच्या.

आणि एक, जे मी मूळ लेखात विसरले. त्या स्कीच्या बुटांत फक्त पाय नव्हते. आईवडील, आर्थर आणि घराचे फोटो तिनं बुटात लपवले होते. तीन वर्षं, चार छावण्या, साडेपाचशे किलोमीटर ते तिच्याबरोबर चालले आणि बफेलोला पोचले.